परसदार : ठकीची बांग



मागच्या अंकात कढीपत्ता इथल्या हिवाळ्यात कसा जगवायचा ते लिहिलं होतं. त्यावर बरेच फोन आले. तीन घरचे कढीपत्ते जगले, दोन घरचे गेले. ज्यांचे गेले त्यांनी मला फार बोल लावला नाही, याबद्दल त्यांचे आभार! या दिवाळी अंकात खरं म्हणजे टोमॅटोवर लिहायचं ठरलं होतं आणि संपादकांना तसं कळवलंही होतं. पण जून महिन्यात आमच्या परसात असं काही घडलं की टोमॅटो राहिले बाजूला. ते पुढच्या अंकात नक्की.

तर झालं असं. इंग्लंडातला जून म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पावणेपाचला सूर्य डोक्यावर यायच्या तयारीत, आणि त्याच्या तासभर आधीपासून फटफटलेलं. मी आपली साखरझोपेत. बाहेरून कोंबडा आरवल्याचा आवाज आला. मला वाटलं मी चिपळूणजवळच्या आमच्या गावी आहे, आता आई चूल पेटवील, मग धुराचा वास येईल आणि मला हाक मारील. धूर काही आला नाही. डोळे उघडले तर समोर दुहेरी काचेची खिडकी आणि अंगावर दुलई.

"शेजाऱ्यांनी कोंबडा आणला वाटतं," हे पलीकडून कूस बदलत म्हणाले.

मी गाऊनवर कोट चढवला, सपाता घातल्या आणि परसात गेले. खुराड्याला जोडून जाळीचं अंगण आहे, त्यात एक पालथी पेटी ठेवली आहे. तिच्यावर आमची ठकी उभी. मान ताणलेली, छाती पुढे, डोळे अर्धे मिटलेले. माझ्यादेखत तिनं बांग दिली! आवाज कोंबड्यासारखा खणखणीत नव्हे बरं का. शाळेच्या बँडमध्ये पोराच्या हाती पहिल्यांदा बिगुल यावा आणि शेवटचा सूर फाटावा, तसा. पण बांगच ती, त्यात शंका नाही. मग तिनं माझ्याकडे एकदा तिरकं बघितलं आणि काही घडलंच नाही अशा थाटात खाली उतरून माती उकरायला लागली.

नव्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे कोंबड्या आल्या त्या २०२० च्या टाळेबंदीत. आता त्यांतल्या पहिल्या कुणी उरल्या नाहीत. सध्या तीन आहेत. बगी पांढरी ससेक्स, सोनी सोनेरी ऑर्पिंग्टन आणि ठकी काळी मारान. कोंबडा नाही, आणि ठेवायचा विचारही नाही. इथल्या १९५० च्या अ‍ॅलॉटमेंट कायद्यानं भाड्याच्या भाजीच्या तुकड्यावर कोंबड्या पाळायची मुभा दिली, पण त्या मुभेत कोंबडा येत नाही!  शिवाय पहाटेच्या आवाजाची तक्रार कौन्सिलकडे गेली तर नोटीस येऊ शकते. म्हणून आपल्यासारख्या परसातून कोंबड्या पाळणाऱ्यांकडे बहुधा सगळा बायकांचाच संसार असतो.

"मग अंडी कशी हो देतात?" हा प्रश्न मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मला कोणी ना कोणी विचारतंच. अंडी द्यायला कोंबडा लागत नाही. कोंबडा लागतो तो अंड्यातून पिल्लू यायला. त्यामुळे आमची अंडी कितीही उबवली तरी त्यांतून काही निघायचं नाही. असो.

आता त्या पहाटेच्या बांगेनं एवढं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या महिन्यात आमच्या घरचं हवामान वेगळं होतं. यांची बायपासची तारीख जूनच्या शेवटच्या आठवड्यात ठरली होती. त्यासाठी माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या घरात, गुडघे धरलेले, तरी विमानतळावर चाकांच्या खुर्चीत बसून आल्या. मुलाच्या उशाशी असायला हवं म्हणून.

त्या पहाटे चारलाच उठतात. त्यांनीही ऐकलं होतं. चहाच्या वेळी काही बोलल्या नाहीत. हे आंघोळीला गेल्यावर हळूच म्हणाल्या, "अगं, कोंबडी आरवली ना?"

"हो आई. ठकी."

"ती घरात ठेवू नये," त्या म्हणाल्या. कप बशीत ठेवताना किणकिण वाजला. "यांचं ऑपरेशन व्हायचंय. तिला कुठंतरी देऊन टाक. माझं एवढं ऐक."

मी रक्ताच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं काढलेली बाई. अपशकुन वगैरे मानत नाही. पण खरं सांगू? त्या क्षणी माझ्याही पोटात कालवलं. कारण मी हे पूर्वी पाहिलेलं आहे.

१९६७ साल. मी आठ वर्षांची. दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या अंगणात आजीची एक तांबडी कोंबडी होती, चांगली अंडी देणारी. एका सकाळी ती गडग्यावर चढून आरवली. आजीनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि काकांना हाक मारली. दुपारच्या आत कोंबडी कापली गेली. आजीनं ती घरात शिजवू दिली नाही, गड्याला देऊन टाकली. मी रडले तर म्हणाली, "घरावर येणारं तिच्यावर गेलं. रडू नये."

त्यानंतर महिन्याभरानं, ११ डिसेंबरच्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. घाटाच्या पलीकडे कोयनानगर जमीनदोस्त झालं, दीडशेहून जास्त माणसं गेली. आमच्या घराची मागची भिंत फाटली. आम्ही सगळे अंगणात कुडकुडत बसलो होतो आणि आजी म्हणाली, "बघा, कोंबडी उगीच नव्हती आरवली!"

मी तेव्हा लहान होते, पण एक प्रश्न मनात आला तो आजवर गेलेला नाही. कोंबडी तर कापली होती ना? घरावरचं तिच्यावर गेलं होतं ना? मग भिंत कशी फाटली? आरवली म्हणून कापली, कापली तरी भूकंप झाला, आणि भूकंप झाला म्हणून कापलं ते बरोबरच ठरलं. कोंबडीला सुटायला जागाच नाही.

पण मंडळी, प्रश्न विचारता येणं वेगळं आणि नवऱ्याच्या ऑपरेशनच्या आधी दहा दिवस स्वस्थ झोप लागणं वेगळं. विषाची परीक्षा कशाला घ्या, असं मलाही वाटलं. दहा मैलांवर एक शेत आहे, तिथले लोक नको असलेल्या कोंबड्या ठेवून घेतात. त्या रात्री मी त्यांचा नंबर शोधून कागदावर लिहून ठेवला. फोन मात्र केला नाही. म्हटलं, प्रयोगशाळेत आपण काय करत होतो? आधी नमुना, मग निदान. तेच इथे करू. चार दिवस बघू.

सकाळी कुंपणापलीकडच्या आजोबांना विचारलं. जन्मभर कोंबड्या पाळलेला इंग्लिश माणूस. ते हसले. म्हणाले, माझ्या आजीनं तर मान मुरगळली असती! म्हणजे इथेही तेच. त्यांच्याकडेही आरवणारी कोंबडी आणि शीळ घालणारी बाई दोघी वाईट, अशी म्हण आहे म्हणे. चीनमधली गोष्ट तर कित्येक शतकांपूर्वीची. तिथल्या 'शू चिंग' या प्राचीन ग्रंथात, कोंबडीनं पहाट पुकारली तर घराचा नाश होतो, अशा अर्थाचं वचन एका राजाच्या तोंडी आहे. त्याचा रोख होता शत्रूच्या राजावर, का, तर तो बायकोच्या सल्ल्यानं चालतो म्हणून! पुढे राज्यकारभारात पडणाऱ्या राण्यांना हेच वचन ऐकवलं गेलं. जगभरच्या आज्या आणि राजे या एका बाबतीत एकमताचे दिसतात.

आता निदानाकडे वळू. कोंबडी आरवते त्याची मुख्य कारणं तीन.

पहिलं अगदी साधं. जिला आपण तलंग म्हणून आणली ती कोंबडी नसतेच, वयात येणारा कोंबडा असतो. लहानपणी ओळखायला चूक होते. पण ठकी तीन वर्षांची, तेव्हा हे कारण बाद.

दुसरं कारण खरोखर नवलाचं आहे. आपल्या बायकांना दोन बीजकोश असतात. कोंबडीला असतो एकच कामाचा, डाव्या बाजूचा. उजवीकडचा जन्मापासून खुरटलेला, निजलेला. डावा जर रोगानं, गाठीनं किंवा म्हातारपणानं बंद पडला, तर स्त्रीचा अंतःस्राव आटतो आणि कधीकधी उजवीकडचा निजलेला कोश जागा होतो. तो वाढतो, पण बीजकोश म्हणून नाही, वृषणासारखा. मग पुरुषी अंतःस्राव रक्तात यायला लागतो. अंडी बंद होतात, तुरा मोठा आणि लाल होतो, पायामागे काटा फुटतो, कोंबडी आरवायला लागते. पुढची पिसं झडून नवी आली की ती कोंबड्यासारखी लांब, टोकदार, चकचकीत येतात. गंमत अशी, की कोंबड्यांच्या जातीत झगमगीत पिसारा हा मूळचा, आणि कोंबडीचा साधा वेष हा स्त्री-अंतःस्रावानं घडवलेला. तो स्राव गेला की मूळ पिसारा बाहेर येतो.

एडिनबरोला फ्रान्सिस क्रू नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२३ मध्ये अशाच एका ऑर्पिंग्टन कोंबडीची हकिगत प्रसिद्ध केली. ही बाई आधी अंडी देऊन पिल्लांची आई झालेली. पुढे अंडी थांबली, आरवू लागली, आणि शेवटी दोन पिल्लांचा बापही झाली! इतकं पूर्ण रूपांतर फारच विरळा. बहुतेक अशा कोंबड्या नुसत्या आरवतात आणि मिरवतात, बाप काही होत नाहीत.

पूर्वी हे माहीत नव्हतं तेव्हा काय व्हायचं? स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरात १४७४ साली एका कोंबड्यानं अंडं घातलं म्हणून त्याच्यावर रीतसर खटला भरला. गुन्हा शाबीत झाला आणि कोंबड्याला अंड्यासकट जाहीर जाळलं. कोंबड्याच्या अंड्यातून विषारी राक्षसी साप निघतो अशी तेव्हाची समजूत. तो कोंबडा कदाचित पिसारा पालटलेली एखादी कोंबडीच असेल. आमच्या आजीनं निदान खटला तरी भरला नाही!

आता तिसरं कारण. कोंबडा नसलेल्या खुराड्यात हे बऱ्याचदा दिसतं. कोंबड्यांत पायरी असते हे पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. दाण्यावर आधी कोण जाणार, कोण कुणाला टोचणार आणि कोण मुकाट्यानं टोचून घेणार, सगळं ठरलेलं. नॉर्वेच्या श्येल्देरुप-एब्बे या माणसानं लहानपणापासून कोंबड्या बघून बघून हे टिपलं आणि १९२० नंतरच्या एक-दोन वर्षांत शास्त्राच्या भाषेत मांडलं. इंग्रजीत लोक ऑफिसातल्या चढउतारालाही टोचण्याच्या पायरीचं नाव देतात, ते याच्यामुळेच.

कोंबडा असला की राखण करायचं काम त्याचं. तो नसला की ती जागा रिकामी राहते, आणि मग पायरीतली सगळ्यात वरची कोंबडी कधीकधी ती जागा घेते. घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याकडे लक्ष ठेवते, इशारा देते, भांडणं सोडवते आणि एखादीला कंठ फुटतो. कंठ तिच्यात असतोच. कोंबडीला पुरुषी अंतःस्राव टोचला तर ती आरवते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे वाद्य दोघांकडे सारखं, एकाला रोज वाजवायची सवय, एवढंच. आणि मुख्य म्हणजे अशी कोंबडी बहुधा अंडीही देत राहते.

आमच्याकडे जागा रिकामी कशी झाली ते मला तेव्हा आठवलं. जानेवारीत कोल्ह्यानं आमची जुनी कोंबडी नेली. तिचं नावच पाटलीणबाई. ती होती तोवर बाकीच्या तिघी तिच्या मागे. ती गेल्यावर दोन महिने नुसती धुसफुस चालली होती. मग ठकी वर आली. मला एवढंच दिसलं होतं की तिला पहिला दाणा मिळतो. पाटीलकीबरोबर बाकीची कामंही तिच्याकडे गेली आहेत हे लक्षात आलं नव्हतं.

निदान पक्कं करायचा उपाय सोपा होता. मारान कोंबडीचं अंडं गडद चॉकलेटी असतं. बाकी दोघींची फिकी. तेव्हा रोज वही घेऊन बसले. पहिल्या दिवशी दोन फिकी अंडी. दुसऱ्या दिवशी एक फिकं. माझा जीव खालीवर. तिसऱ्या दिवशी दुपारी खोक्यात हात घातला तर ऊबदार, चॉकलेटी, ठिपक्यांचं अंडं! सकाळी साडेचारला बांग आणि दुपारी दोनला अंडं. ठकी कोंबडा झालेली नव्हती, आजारीही नव्हती. ती दोन नोकऱ्या करत होती.

ते अंडं मी तसंच हातात घेऊन सासूबाईंकडे गेले. त्यांनी हातात घेऊन फिरवून पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. अंतःस्राव, बीजकोश, नॉर्वे, मी सगळं सांगून बघितलं. ऐकून घेतलं, पण चेहरा तसाच.

मग दोन दिवसांनी ते घडलं. दुपारची वेळ, त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून तांदूळ निवडत होत्या. कोंबड्या गवतावर मोकळ्या. आमच्या रीडिंगकडे आता लाल घारी पुष्कळ. इंग्लंडातून त्या पार नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून पुढे जवळच्या चिल्टर्नच्या टेकड्यांत पुन्हा आणून सोडल्या, त्या चांगल्या फोफावल्या. एक घार अगदी कौलांपर्यंत खाली आली. ठकीनं मान वाकडी करून एका डोळ्यानं वर बघितलं आणि एक लांब, बारीक सूर काढला. बगी आणि सोनी बाण सुटावा तशा झुडपाखाली. ठकी मात्र जागची हलली नाही. दोघी आत गेल्याचं बघितलं, मग स्वतः गेली. कोंबड्यांची भाषा पक्की असते. आकाशातल्या धोक्याला हा बारीक लांब सूर, आणि जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं तर मोठ्यानं तुटक कलकलाट. लाल घार सहसा मोठ्या कोंबडीवर हात टाकत नाही, मेलेल्यावर जगते. पण ठकीनं जोखीम घेतली नाही.

घार गेल्यावर ठकी आधी बाहेर आली. एक किडा सापडला तर तो उचलून खाली टाकत टुकटुक करून दोघींना बोलावलं, आणि त्यांना खाऊ दिला. हेही कोंबड्याचंच काम.

सासूबाई निवडायच्या थांबल्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "घरात गडी नाही म्हटल्यावर कुणीतरी राखायला पाहिजे."

मी काही बोलले नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते यांनाही माहीत नव्हतं. लिहायची परवानगी मी त्यांच्याकडून मागून घेतली आहे. सासरे १९६९ मध्ये गेले तेव्हा त्या तिशीच्या, पदरात दोन मुलं. साताऱ्याकडचं गाव. शेतीच्या सातबाऱ्यावर मुलांची नावं लागत नव्हती, दीर आज-उद्या करत होते. शेवटी एक दिवस त्या डोक्यावर पदर घेऊन एकट्या तलाठ्याकडे गेल्या आणि चार माणसांत मोठ्यानं बोलल्या. मुलांची नावं लावल्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या. नावं लागली. संध्याकाळी ओसरीवर बसलेल्या लोकांसमोर दीर म्हणाले, "आमच्या घरात आता कोंबडी आरवायला लागली."

"सगळे हसले गं," सासूबाई म्हणाल्या. "मी आत चुलीपाशी. मला हसू कसं येणार? आरवणाऱ्या कोंबडीचं काय करतात ते मला ठाऊक होतं."

त्या रात्री त्या मुलांना मधे घेऊन दाराला आतून कडी लावून झोपल्या. पुढे बालवाडीवर नोकरी धरली, मुलांना शिकवलं, त्यातला एक इथवर आला. पण तो शब्द मनातून गेला नाही. आरवणं कानावर पडलं की आज पंचावन्न वर्षांनीही पोटात गोळा येतो, असं म्हणाल्या. मी इतके दिवस त्यांना शास्त्र समजावत होते, आणि भीती होती वेगळ्याच गोष्टीची!

मग त्याच म्हणाल्या, "तो शेताचा नंबर फाडून टाक. राहू दे तिला."

मी कागद कुठे ठेवला होता ते त्यांना बरोबर माहीत होतं. सासूबाई शेवटी सासूबाई!

यांचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. सहा तास लागले. आता हे रोज तीन मैल चालतात आणि माझ्या स्वयंपाकातल्या तेलाचा हिशेब ठेवतात. ऑपरेशन नीट झालं म्हणून ठकी निर्दोष ठरली, असं मात्र मी म्हणणार नाही. ते डॉक्टरांच्या हातांमुळे झालं. आणि देव न करो, काही कमीजास्त झालं असतं, तरी त्यातही ठकीचा हात नसता. पण मग आमच्या तोंडून तिचंच नाव निघालं असतं, हेही मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून निकालाच्या आधी तिला ठेवायचं ठरलं, याचं मला जास्त समाधान आहे.

आता थोडं कामाचं. तुमची कोंबडी आरवली तर काय कराल?

घाबरू नका. आधी अंडी देते का ते बघा. देत असेल, खातपीत असेल, तर तिनं पाटीलकी घेतली आहे, बाकी काही नाही. अंडी थांबली, तुरा एकाएकी वाढला, पोट फुगलं किंवा ती मलूल दिसली तर पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा. आत गाठ किंवा पाणी असू शकतं.

शेजाऱ्यांचा विचार करा. आमच्या पलीकडे दोन महिन्यांचं बाळ आहे. मी स्वतःहून जाऊन सांगितलं, सोबत सहा अंडी नेली. खुराड्याचं दार आमच्याकडे उजेड झाला की आपोआप उघडायचं, ते घड्याळावर सात वाजता लावलं. आतून जाड कापड लावलं, त्यानं आवाज बराच दबतो. आरवणं पार बंद होईल ही आशा करू नका. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. जपानात नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून बघितलं, तरी ते आपल्या वेळेला आरवतच राहिले. घड्याळ अंगातच असतं. २०१५ मध्ये त्यांनी हेही दाखवलं की पायरीनं सगळ्यात वरचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीनं मागून. थोडक्यात म्हणजे आधी साहेब, मग कारकून!

आणखी दोन गोष्टी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून, आणि स्कॉटलंडमध्ये त्याआधी महिनाभर, परसात एकच कोंबडी असली तरी तिची सरकारदरबारी नोंद करावी लागते. बर्ड फ्लूची साथ आली तर सूचना कुणाला पाठवायच्या ते कळावं म्हणून. दुसरं, उरलेली पोळी आणि भात कोंबड्यांना घालायची आपली जुनी सवय इथे कायद्यात बसत नाही. स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही त्यांना घालायला बंदी आहे. घरात मांस-मासे, दूध-अंडी यांचा स्पर्शच नसेल, तर गोष्ट वेगळी. परसातली मेथीची पानं मात्र थेट वाफ्यातून खुशाल घाला.

सासूबाई ऑक्टोबरात परत गेल्या. दर रविवारी फोन होतो. मुलाची तब्येत विचारून झाली की आवाज खाली आणून विचारतात, "आणि ती? आरवते का?"

मी म्हणते, "आरवते की. आता सूरही फाटत नाही."

"बरं झालं," म्हणतात.

दिवाळीच्या सगळ्यांना शुभेच्छा. पुढच्या अंकात टोमॅटो. नक्की!